मायच्या आंब्यावरची जाळी

माय गेली तेव्हा मी रडलो नाही.

मुद्दाम नाही. माझी पूर्ण तयारी होती. खिशात रुमाल होता, तोही वर्षानं (माझी बायको) घडी करून दिलेला. पण डोळ्यांतून काही निघेचना. लाकडं सांगा, गोवऱ्या आणा, मंगरूळपीरला अक्काला (माझी मोठी बहीण) फोन करा, स्मशानात पुढं कोण चाललंय पाहा, हे करता करता दिवस गेला. आंघोळ करून ओट्यावर बसलो तेव्हा लक्षात आलं, की आज अख्खं केनवड माझ्या आईसाठी रडून गेलं, फक्त मी सोडून. आमचा दूधवालासुद्धा रडला!

गावात पैसाअडका लपतो, पण न रडणं लपत नाही. राख सावडून झाली त्या दिवशी शिरपूरच्या आत्यानं वर्षाला स्वयंपाकघरात गाठलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून आमच्या घराण्याचं वळण सांभाळायचं काम तिनं स्वतःकडं घेतलेलं आहे.

"हा रडला का वं एखांद्या वेळी? आतमधी, खोलीत, कुठी?"

"नाही जी, आत्याबाई."

"बिलकूल नाही?"

"जेवते मात्र टायमावर."

आत्यानं आवाज खाली घेतला. (आत्याचा खालचा आवाज बस स्टँडपर्यंत जातो.) "याच्या बापानं, बैल मेला तं तीन दिवस अन्न सोडलं होतं. बैल! अन् इथं सोताची माय गेली तं हा दगडावानी बसून राह्यला!"

मी ओट्यावर दगडावानी बसूनच ऐकत होतो. आत्या परत शिरपूरला गेली आणि मी रडायचे प्रयत्न सुरू केले. मायच्या चपला दारामागं होत्या तशाच होत्या. त्या समोर घेऊन बसलो. एकटक पाहिलं. डाव्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता. दहा मिनिटांनी माझ्या मनात काय यावं? हा अंगठा शिवून मिळेल का! लाज वाटून मी चपला जागेवर ठेवल्या.

आता आंब्याचं सांगतो.

आमच्या घरामागं एक आंबा आहे. मायनं लावलेला. शेवटच्या दोन महिन्यांत तिला उठणं होत नव्हतं, म्हणून तिची खाट आम्ही मागच्या दाराशी टाकली होती. तिथून तिला आंबा दिसायचा. आणि दसऱ्याच्या सुमारास त्या आंब्याला जाळी लागली. अळ्यांनी पानाला पान चिकटवून तपकिरी गठ्ठे केले. त्या गठ्ठ्यांवर कोळ्यांनी आपले मजले चढवले. मधूनच केसाळ सुरवंटही राहायला आले. सकाळी दव पडलं की सगळं झाड जुन्या मच्छरदाणीच्या चिंध्या वाळत घातल्यासारखं दिसायचं.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीनवर अळी आली, तुरीवर अळी आली, की लोक पान तोडून माझ्या काउंटरवर टाकतात. मी चष्मा लावतो, पान उलटं करतो, आणि गंभीरपणे औषध सांगतो. आजूबाजूच्या चार गावांत अळी या विषयावर माझ्या शब्दाला वजन आहे!

आणि माझी माय खाटेवरून म्हणायची, "प्रकाश, झाडाले जाळं लागलं रे."

"हो माय. रविवारी काढतो."

"बरं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा, "प्रकाश, जाळं लई वाढलं."

"रविवारी, माय. नक्की."

"बरं."

एका रविवारी सोयाबीन काढणी, एका रविवारी दुकानात माल, एका रविवारी नुसताच कंटाळा. माय कधी चिडली नाही. चौथ्या रविवारनंतर तिनं झाडाचं नावच काढलं नाही. फक्त वर्षाला म्हणाली, "माह्यी खाट जराशी फिरवून दे वं. तिकडून वारा येते." वर्षानं खाट फिरवली. मायचं तोंड भिंतीकडं झालं. त्यानंतर ती आठच दिवस होती.

बाराव्या दिवशी तेरवीच्या पंगतीची जागा पाहायला शेजारचे देवरावकाका आले. त्यांनी परसात उभं राहून वर पाहिलं आणि बराच वेळ वरच पाहत राहिले.

"प्रकाश, पंगत इथंच बसवतं का?"

"इथंच. सावली हाय ना, काका."

"सावली हाय. पन वरून भातात पडतीन ना रे! मानसं पाहुनचार खातीन का अळ्या खातीन?"

"मंडपाचं कापड लावतो वरतून."

"कापडावर पडतीन, कापडावरून कढीत उतरतीन. तुह्या दुकानात एवढ्या बाटल्या हायेत, मार ना फवारा!"

"काका, उद्या खाली लोकं जेवनार हायेत. आज इख मारू?"

अक्का मागच्या दारात उभी होती. मंगरूळपीरहून आली तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. भाताचे तांदूळ किती, पत्रावळी आल्या का, एवढंच. ती झाडाकडं पाहून म्हणाली, "मायनं फोनवर मले सांगतलं होतं, प्रकाश रविवारी झाड साफ करनार हाय. चार खेप सांगतलं." आणि आत निघून गेली.

एवढं लागलं मला ते! मी धोतर खोचलं, बांबू घेतला आणि त्याच्या टोकाला खराटा बांधला. दहाव्याच्या दिवशी माझं मुंडण झालेलं होतं. म्हणजे डोकं उघडं, गुळगुळीत, उन्हात चमकणारं. त्यावर काहीतरी बांधावं हे अळ्यांचा जाणकार म्हणून माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

सुरुवात चांगली झाली. खराटा फिरवला की जाळी त्याला गुंडाळायची, जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखी. पाच मिनिटांत खराट्याचा भला मोठा बोळा झाला. देवरावकाका खुर्ची घेऊन (बऱ्याच अंतरावर) बसले आणि दिशा दाखवू लागले.

"डावीकडं! अजून डावीकडं! अरे, तुह्या डावीकडं नाही, माह्या डावीकडं!"

पण मधल्या मोठ्या फांदीवरचे गठ्ठे खराट्याला दाद देईनात. मी खराटा सोडून बांबूला आकडी बांधली, फांदीत अडकवली आणि हळूच ओढली. काही नाही. जोरात ओढली. काही नाही.

"झटका दे!" काका ओरडले.

मी झटका दिला.

फांदी खाली आली आणि पुन्हा वर गेली. पण तिच्यावर जे काही राहत होतं ते वर गेलं नाही. चार रविवारांचं सगळं एकदम माझ्या डोक्यावर आलं. पानं, जाळी, कोळी, अळ्यांची लेंडं आणि केसाळ सुरवंटांचं एक मोठं एकत्र कुटुंब! माझ्या ताज्या टकलावर त्यांना कुठं आधार सापडेना, तेव्हा ते कानांवर, मानेवर, पाठीवर उतरले.

क्षणभर काहीच झालं नाही. मी तर हसून म्हणालो, "आलं सगळं, काका!" मग खांद्यावरचं उपरणं घेतलं (त्या उपरण्यावर आधीच सातआठ जण बसलेले होते) आणि त्यानं कपाळ, गाल, डोळे, सगळं खसाखसा पुसलं.

"अरे घासू नको! घासू नको, लेकाच्या!" काका खुर्चीवरून उठले.

सुरवंटाचे केस लागले तर घासू नका, हे वाक्य मी दुकानात आजवर शेकडो लोकांना ऐकवलं आहे.

त्यानंतरचा अर्धा तास मला नीट दिसला नाही, त्यामुळं ऐकलेलं सांगतो. मी विहिरीकडं पळतोय असं समजून गोठ्याकडं पळालो. काकांनी माझ्यावर बादलीभर पाणी ओतलं, ते निघालं गुरांचं. काका म्हणाले दही लावा, वर्षानं दही लावलं. अक्का म्हणाली हळद, तीही लागली. मग वर्षालाच आठवलं, की चिकटपट्टीनं केस निघतात. दुकानातून खोक्यांना लावायची रुंद खाकी पट्टी आणली गेली. पण दह्यावर पट्टी चिकटेना! म्हणून पुन्हा डोकं धुतलं, पुसलं (दाबून, न घासता), आणि मग वर्षा माझ्या टकलावर पट्टी चिकटवायची आणि उपटायची, चिकटवायची आणि उपटायची.

"हालू नका जी!"

"आग आग होऊन राह्यली!"

"दुकानात लोकाले काय सांगता तुमी?"

"काय सांगतो?"

"घासू नका म्हनता ना?"

मी टक्कल पुन्हा पुढं केलं. संध्याकाळपर्यंत पापण्या अशा सुजल्या, की दोन फटींतून फक्त उजेड कळत होता. नाक कुठं संपतं आणि ओठ कुठं सुरू होतात हे बोट लावून ठरवावं लागत होतं. डोळ्यांतून आणि नाकातून मात्र धार चालू. बारा दिवस जे येत नव्हतं ते आता थांबत नव्हतं, आणि त्याचा मायशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेरवी. मायच्या फोटोशेजारी मला पाटावर बसवलं. लोक यायला लागले. फटीतून मला फक्त पाय दिसत होते. ओट्याच्या पायरीवर एक ओळखीचं पाऊल पडलं आणि तिथंच थबकलं.

"अरे देवा!" शिरपूरची आत्या!

ती धावत आली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी कळवळलो. तिला ते दुःख वाटलं.

"कसे डोळे करून घेतले रे, माह्या राजा! रडून रडून सुजून गेलं लेकरू! अन् मी म्हनत होती दगड हाय! पाह्यलं का वं सगळ्याईनं? याले म्हनते लेक! चारचौघांत टिपूस नाही गाळला, अन् आतल्या आत..."

"आत्या, ऐक ना. अळ्या पडल्या..."

"काय म्हनतं, बापू?"

"अळ्या. झाडावरच्या अळ्या पडल्या डोक्यावर."

आत्यानं माझा चेहरा सोडला आणि बायकांकडं वळून म्हणाली, "भरमलं वं लेकरू. अळ्या अळ्या करून राह्यलं."

प्रवचनाला एक महाराज आले होते. त्यांच्या कानावर हे गेलं. ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना उद्देशून बोलले, "ऐका, माउली! मुलाच्या तोंडून काय शब्द निघाला? अळ्या! अहो, हा देह म्हणजे तरी काय? अखेर तुमचं, माझं, सगळ्यांचं काय होणार आहे? अळ्या!" आणि त्यांनी ठरवलेला विषय बाजूला ठेवून पाऊण तास अळ्यांवर प्रवचन केलं. अतिशय तपशिलात. त्या दिवशी पंगतीत भात फार उरला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गाव मला आदर्श मुलगा म्हणत होतं आणि खरी गोष्ट सांगावी तर ती वैराग्य ठरत होती! माझी गिऱ्हाइकं एकेक करून पाया पडून जात होती. एकानं तर वाकून कानात विचारलं, "भाऊ, आजच्या दिवशी इचारू नाही, पन तुरीवर शेंगा खानारी अळी आली, काय मारू?" मी त्याला औषध सांगितलं. मागून आत्याचा आवाज आला, "पाहा, अजून अळ्याच बोलून राह्यला!"

तेवढ्यात माझ्या शेजारी कोणीतरी येऊन टेकलं. हातातल्या बांगड्यांवरून ओळखलं, अक्का. खरं काय ते देवरावकाका, वर्षा आणि अक्का, तिघांनाच माहीत होतं. काका लाजेनं आलेच नव्हते ("झटका दे" ते म्हणाले होते ना!). वर्षा वाढण्यात होती. अक्कानं माझा हात धरला. आणि मला जाणवलं, की तिचा हात थरथरतोय.

"अक्का," मी हळूच म्हणालो.

"चूप बैस," ती पदराआडून म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "चूप बैस, नाहीतं मी मरन हासून."

अक्का हसत होती! बारा दिवसांत पहिल्यांदा. ती दाबून हसते तेव्हा नाकातून बारीक शिट्टी येते, लहानपणापासून. ती शिट्टी ऐकली आणि मलाही फुटलं. पण सुजलेल्या तोंडानं माणूस हसला तर काय दिसतं? ओठ वाकडे झाले, खांदे गदगदले, डोळ्यांची धार वाढली. आम्ही दोघं भाऊबहीण हातात हात घेऊन मायच्या फोटोसमोर गदगदत होतो.

"बहीनभावाईचं पाहा वं!" आत्यानं हंबरडा फोडला. तिच्यामागं सगळ्या बायका रडायला लागल्या. मग पुरुष. महाराजांनी डोळे पुसले. सगळा मांडव रडत होता, आणि मध्ये बसून आम्ही दोघं हसत होतो, थांबता येत नव्हतं.

मग अक्काची शिट्टी थांबली. खांदे हलत होते, हात थरथरत होता, पण शिट्टी नव्हती. मला दिसत काहीच नव्हतं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "प्रकाश, आता आपल्याले माहेर नाही रे." माझं माहेर कसं असेल, असा विनोद मला करता आला असता. मी केला नाही. तिचा हात तेवढा घट्ट धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्षानं मला रिसोडला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी टॉर्च मारून डोळे पाहिले, काय झालं ते विचारलं, मी सांगितलं.

"व्यवसाय काय तुमचा?"

"कृषी सेवा केंद्र."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला, खिडकीबाहेर थोडा वेळ पाहिलं, मग पुन्हा उचलून इंजेक्शन लिहिलं.

डोळे उघडायला चार दिवस लागले. पुढच्या रविवारी मी रेनकोट घातला, डोक्याला टॉवेल बांधला, हातमोजे चढवले आणि देवरावकाकांना घरात कोंडून (अक्षरशः नाही, पण वर्षानं त्यांना चहाला बसवून ठेवलं) उरलेली सगळी जाळी शांतपणे काढली. खड्डा करून जाळली. झाड छान दिसायला लागलं. मायची खाट जिथं असायची तिथं मी उंबऱ्यावर बसलो आणि वाट पाहिली. तरीही रडू आलं नाही. आत कुठंतरी जड होतं, पण हलत नव्हतं. मी उठून दुकान उघडायला गेलो.

महिन्याभरानं रेशन कार्डावरून मायचं नाव कमी करायला रिसोडला तहसिलात गेलो. खिडकीसमोर मोठी रांग. माझा नंबर आला. आतल्या माणसानं कार्ड घेतलं, कागद पाहिले आणि कामाच्या सुरात वाचलं, "सरस्वतीबाई."

मायचं नाव! घरात तिला कोणी नावानं हाक मारतच नव्हतं. माय, वहिनी, आत्याबाई, काकू. मी स्वतः ते नाव कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"तुमच्या कोण?"

"माय."

"कमी करायचं ना नाव?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांगा, भाऊ. गोंगाट आहे. कमी करायचं?"

तो माणूस वाईट नव्हता, खरंच ऐकू येत नव्हतं. मी तोंड उघडलं. मला "हो" म्हणायचं होतं. पण आलं ते भलतंच. सगळं एकदम. बारा दिवसांचं, तेरवीचं, त्यानंतरच्या महिन्याचं. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून मी लहान पोरासारखा हमसाहमशी रडलो. मागं तीस माणसं रांगेत उभी!

"काय झालं? काय झालं?" रांग पुढं सरकली.

"नाव कमी केलं त्याईचं."

"अरे अरे! एका नावाचं पाच किलो धान्य बंद होते ना."

"रडू नका, भाऊ. अर्ज केला तं पुन्हा चालू होते!"

एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "घरी खानारे लई हायेत का रे, बापू?"

आमचं कार्ड पांढरं, त्यावर धान्य कधीच येत नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं की पुन्हा हुंदका यायचा. शेवटी मी मान हलवली. म्हातारीनं पिशवीतून दोन केळी काढून मला दिली. मी ती रडत रडत बसमध्ये खाल्ली.

मी केनवडला पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. प्रकाशभाऊ पाच किलो गव्हासाठी तहसिलात रडला, दुकान चालत नसेल बहुतेक! घरी आलो तर ओट्यावर गव्हाचं अर्धं पोतं. देवरावकाका ठेवून गेले होते. त्यांच्याकडचा घरचा गहू, निवडलेला.

वर्षा पोत्याजवळ उभी होती. तिनं माझे डोळे नीट पाहिले. लाल होते, पण सूज नव्हती.

"खरंच रडले का जी तुमी?"

"हो."

"कायच्यासाठी?"

"मायसाठी," मी म्हणालो.

पदरानं तिनं स्वतःचे डोळे टिपले. मग पोत्यात हात घालून मूठभर गहू काढला, तळहातावर पसरून पाहिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "पन आता हे कोनाले सांगू नका. गहू वापस द्या लागन."